डायरीतला शेरा आणि घरची शिकवणी: सातवीतल्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

रेवा सातवीत असताना तिचं प्रकरण माझ्याकडे आलं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मी त्या शाळेत समुपदेशक म्हणून काम पाहत होते. सहावीपर्यंत रेवाबद्दल कुणाला काही बोलावं लागलं नव्हतं. भाषा चांगली, वाचन दांडगं, गणितात मध्यम. सातवीच्या पहिल्या सत्रात मात्र गणित घसरलं ते थांबेना. पहिल्या घटक चाचणीत २० पैकी ७, दुसऱ्या चाचणीत ५ आणि सत्र परीक्षेत १०० पैकी ३१. विज्ञानातही जिथे आकडेमोड येई तिथे ती जागा कोरी सोडायची. गृहपाठाची वही ‘घरी राहिली’ हे उत्तर रोजचं झालं होतं.

घरात आई, आजी आणि रेवा. वडील नोकरीसाठी दुसऱ्या गावी. आईची नोकरी पाळ्यांची, त्यामुळे आठवड्यातले काही दिवस ती दुपारी कामावर आणि काही दिवस रात्रपाळी करून दुपारी झोपलेली. शाळेची पालकसभा नेमकी दुपारी. वर्षाच्या सुरुवातीपासून ती एकाही सभेला आली नव्हती. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती होती, पण दिवसभर सूचना येत राहतात म्हणून तिने ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला होता. उरली ती डायरी.

ती डायरी मी उघडून बसले. ‘गणितात लक्ष द्यावे.’ खाली आईची सही. काही पानांनंतर ‘गृहपाठ अपूर्ण. लक्ष द्यावे.’ पुन्हा सही. मग ‘सराव कमी पडतो, पालकांनी लक्ष द्यावे.’ ही सही घाईतली, पेन्सिलीने केलेली. एका अख्ख्या सत्रात शाळा आणि घर एकमेकांशी एवढंच बोलले होते. कुठला धडा अडतोय, कुठली उदाहरणं राहिलीत, घरी नेमकं करायचं काय, यातलं अक्षरही त्या पानांवर नव्हतं. सही मिळाली म्हणजे घरी कळलं, असं शाळा धरून चालली होती. सही केली म्हणजे आपलं काम झालं, असं आईला वाटत होतं. शाळेने दुसरं काही मागितलंच नव्हतं, त्यामुळे तिला दोष देता येत नाही.

समस्या

शिक्षकखोलीत या प्रकरणाचं निदान आधीच होऊन गेलं होतं: पालक उदासीन. सभेला येत नाहीत, ग्रुपवर उत्तर देत नाहीत, डायरीत नुसत्या सह्या. वर्गशिक्षिका गणितच शिकवायच्या. कामाला चोख आणि मुलांवर मनापासून माया असलेल्या बाई, पण त्यांचंही मत तेच होतं.

आईशी पहिल्यांदा फोनवर बोलले तेव्हा चित्र पार उलटं निघालं. ज्या दिवशी संध्याकाळी घरी असेल त्या दिवशी ती रेवाला दीड-दोन तास गणिताला बसवत होती. स्वतः शाळेत शिकलेली पद्धत आठवून आठवून शिकवत होती. त्यातून आवाज चढायचा, रडारड व्हायची. आजी मध्ये पडायची आणि मग आई-आजीत वाजायचं. रेवाने चाचणीचे पेपर दप्तराच्या तळाशी लपवायला सुरुवात केली ती याच सुमाराला. आईचं निदान होतं, ‘पोरगी आळशी झालीय.’ वडील आठवड्यातून एकदा फोन करून मार्क विचारत, आणि ते ऐकले की फोनवर शांतता पसरायची.

वर्गशिक्षिका आणि मी रेवाच्या तीन वह्या आणि दोन चाचण्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. अर्धा तास पुरला. जूनच्या वहीत २/३ + १/४ चं उत्तर ३/७, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला. पुढच्या वहीत तसल्याच बेरजा बरोबर येऊ लागल्या होत्या, पण वर्गात शिकवलेल्या लसाविच्या पद्धतीने नव्हे, तर आईने शिकवलेल्या तिरक्या गुणाकाराने: दोन चोक आठ, तीन एके तीन, बेरीज अकरा, छेद बारा. उत्तर ११/१२ हे अगदी बरोबर. पण मग गुणाकार आला आणि रेवाने तिथेही तिरकंच गुणलं. २/३ × १/४ चं उत्तर तिने ८/३ लिहिलं, जे खरं तर भागाकाराचं उत्तर आहे. आधीची चूक, वर्गातली पद्धत आणि घरची पद्धत या तिन्हींचा तिच्या डोक्यात गुंता झाला होता. सहावीत अपूर्णांकांचा भाग चालू असताना ती आजारपणामुळे सलग गैरहजर होती, हे हजेरीपटावरून नंतर कळलं. सातवीची समीकरणं त्याच पायावर उभी असतात. रेवा नंतर आम्हाला म्हणाली, ‘समीकरणात अपूर्णांक दिसला की मला पुढचं काहीच दिसत नाही.’

घरचे कष्ट आणि शाळेचे कष्ट एकमेकांना छेद देत होते आणि दोन्ही बाजूंना त्याचा पत्ता नव्हता. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे. आईचा सहभाग कमी नव्हता, उलट भरपूर होता. तो कुठे लागतोय हे तिला सांगणारं कुणी नव्हतं.

पर्यायांचा विचार

पहिला पर्याय शाळेच्या सवयीतला: दोन्ही पालकांना मुख्याध्यापिकांसमोर बोलवायचं आणि ‘वर्ष वाया जाईल’ असं बजावायचं. तो लगेच बाजूला ठेवला. त्याने घरातला धाक वाढला असता आणि पेपर आणखी खोल लपवले गेले असते.

दुसरा पर्याय खासगी शिकवणीचा. आई त्याला तयार होती. पण तिथे तिसरी पद्धत शिकवली जाण्याची शक्यता होती. शिवाय चूक एका ठरावीक जागी होती आणि ती जागा शाळेला आता माहीत होती. ज्याला चूक सापडली आहे त्यानेच ती दुरुस्त करावी, असं वर्गशिक्षिका स्वतःहून म्हणाल्या. हा त्यांचा मोठेपणा.

तिसऱ्या पर्यायावर आम्ही सर्वात जास्त वेळ घालवला. तो म्हणजे आईलाच नीट पद्धत समजावून द्यायची आणि घरचा अभ्यास चालू ठेवायचा. वरवर पाहता याहून चांगला पालक-सहभाग कुठला? पण या बाबतीत संशोधन सावध करतं. पटॉल, कूपर आणि रॉबिन्सन यांनी २००८ मध्ये गृहपाठातल्या पालकांच्या मदतीवरचे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा प्राथमिक वर्गांत या मदतीचा संबंध चांगल्या यशाशी दिसला, मधल्या इयत्तांत (साधारण सहावी ते आठवी) तो उलटा झाला, आणि गणितात तो विशेष प्रतिकूल होता. आधीच मागे पडलेल्या मुलांनाच पालक जास्त मदत करतात, हेही त्यामागचं एक कारण असू शकतं. त्यामुळे ‘मदत केली म्हणून मूल मागे पडलं’ असा सरळ अर्थ काढता येत नाही. तरी २०१५ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी पहिली-दुसरीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची भीती वाटते ते गृहपाठात वारंवार मदत करत असतील, तर त्यांची मुलं वर्षभरात कमी गणित शिकतात, असं त्यात आढळलं. रेवाच्या आईने फोनवर सांगितलं होतं, ‘मला स्वतःलाच गणिताचं टेन्शन यायचं, म्हणून तर हिला बसवते.’

मग आईने करायचं काय? हिल आणि टायसन यांनी २००९ मध्ये मधल्या इयत्तांवरचे ५० अभ्यास एकत्र पाहिले. त्यात यशाशी सर्वात घट्ट नातं दिसलं ते पालक मुलाशी शिक्षणाबद्दल कसं बोलतात याचं: अपेक्षा सांगणं, अभ्यास आणि पुढचं आयुष्य यांची सांगड घालून देणं, शिकण्याच्या युक्त्यांवर गप्पा मारणं. शेजारी बसून गृहपाठ करून घेण्याचं नातं तसं दिसलं नाही.

आणि शाळेने काय करायचं? इथे क्राफ्ट आणि रॉजर्स यांचा २०१५ चा प्रयोग उपयोगी पडला. अमेरिकेतल्या एका उन्हाळी वर्गात, आधी नापास झालेली मुलं तेच विषय पुन्हा शिकत होती. त्यांच्या पालकांना शिक्षकांकडून दर आठवड्याला फक्त एक वाक्याचा वैयक्तिक निरोप जात होता. निरोप न मिळालेल्या गटात श्रेयांक (विषय पूर्ण केल्याचं क्रेडिट) न मिळालेली मुलं १५.८ टक्के होती, निरोप मिळालेल्यांत ९.३ टक्के. काय सुधारायचं ते सांगणारे निरोप नुसत्या कौतुकापेक्षा जास्त उपयोगी पडतात, असाही कल त्यात दिसला. लॉस एंजेलिसमध्ये पीटर बर्गमन यांनी केलेल्या प्रयोगात पालकांना राहिलेल्या गृहपाठाचे संदेश पाठवले गेले, त्यात पान आणि उदाहरणांचे क्रमांकही असत. त्यानंतर मुलांचा गृहपाठही वाढला आणि गुणही. डायरीतल्या शेऱ्यात जे नव्हतं, ते हेच.

काय केलं

सर्वात आधी वेळ बदलली. आईला विचारलं, ‘तुम्हाला कधी जमेल?’ ती म्हणाली, सकाळी साडेसातला, पाळी संपवून घरी आल्यावर, फोनवर. वर्गशिक्षिका शाळा भरण्याआधी पंधरा मिनिटं लवकर आल्या. आजवर एकदाही न आलेली आई ठरल्या मिनिटाला फोनवर होती. ‘उदासीन’ हा शब्द शिक्षकखोलीत त्यानंतर मी ऐकला नाही.

दुसरा निर्णय रेवाला त्या बोलण्यात सामील करण्याचा. त्याआधी मी तिच्याशी एकटीशी बोलले. घरी मार होतो का, हे विचारणं मला आवश्यक वाटलं. मार्क कळले की मूल मार खातं अशा घरी जास्त माहिती पाठवणं म्हणजे मुलाला संकटात लोटणं. रेवाच्या घरी रागावणं होतं, मारणं नव्हतं. तिची एकच अट होती: ‘आजीसमोर मार्क वाचू नका.’ ती आम्ही पाळली.

आईला ‘गणित शिकवू नका’ हे सांगणं सर्वात अवघड गेलं. वर्गशिक्षिकांनी ‘तुमची पद्धत वेगळी आहे’ अशी सुरुवात केली आणि पलीकडे आवाज एकदम बंद झाला. रात्रपाळी करून, झोप मोडून जिने पोरीला शिकवलं, तिच्या कानावर हे ‘तुमच्यामुळेच झालं’ असं पडलं असणार. मग बाईंनी दोन्ही पद्धतींनी सोडवलेलं एकच उदाहरण वहीच्या पानावर लिहून फोटो पाठवला आणि म्हणाल्या, ‘रेवाच्या आई, तुमची पद्धत चुकीची नाही हो. उत्तर बरोबरच येतं. पण तिच्या डोक्यात दोन वाटा एकमेकींत मिसळल्यात. थोडे दिवस एकच वाट ठेवू, आणि ती चालायला शिकवायचं काम माझं.’ थोडा वेळ थांबून आईने विचारलं, ‘मग मॅडम, मी काहीच करायचं नाही का?’

तिच्या वाट्याला दिलेलं काम असं: घरी असेल त्या संध्याकाळी दहा मिनिटं, रेवाने आईला एक उदाहरण समजावून सांगायचं. आईने दुरुस्त करायचं नाही, फक्त ‘हे असं का केलंस?’ एवढं विचारायचं. डायरीत सहीच्या जागी एक ओळ लिहायची, आज रेवाने काय समजावलं ती. वडिलांना आईनेच सांगितलं की मार्कांऐवजी ‘या आठवड्यात काय नवीन जमलं?’ असं विचारा.

शाळेच्या बाजूने दोन गोष्टी सुरू झाल्या. आठवड्यातून दोनदा शाळा भरण्याआधी अर्धा तास अपूर्णांकांचा वर्ग. कागदाच्या पट्ट्या घडी घालून, मग रेघा मारून, आणि शेवटी आकड्यांत. वह्या तपासताना तीच चूक करणारी आणखी पाच मुलं वर्गात निघाली, तीही या वर्गाला बसू लागली. दुसरी गोष्ट म्हणजे शुक्रवारचा निरोप, थेट आईला. एक नमुना इथे देते: ‘या आठवड्यात रेवाने समान छेद करून पाचपैकी चार बेरजा बरोबर केल्या. वजाबाकीत अंश उलटे घेते. सराव संचातलं तिसरं आणि चौथं उदाहरण तिच्याकडून समजावून घ्या.’ हा निरोप लिहायला बाईंना दोन मिनिटंही लागत नसत, कारण त्याच दिवशी वही हाताखालून गेलेली असे.

हा वर्ग सुरू झाला नसता तर नुसत्या निरोपांनी काही साधलं असतं असं मला वाटत नाही. पालकांना कळवणं म्हणजे शिकवण्याची जबाबदारी घरी पाठवणं नव्हे. हे मी आग्रहाने लिहिते, कारण पालक-सहभागाच्या नावाखाली नेमकं हेच होताना मी पाहिलं आहे.

मध्येच घडी विस्कटली. वर्गशिक्षिका परीक्षेच्या कामात अडकल्या आणि दोन शुक्रवार निरोप गेला नाही. त्याच दरम्यान विज्ञानाच्या सरांनी वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठ न केलेल्या मुलांची यादी नावांसकट टाकली. रेवाचं नाव तिसरं होतं. आईने ते कामावर असताना, सहकाऱ्यांसमोर वाचलं. घरी पुन्हा पहिल्यासारखी रडारड झाली आणि दुसऱ्या दिवशी रेवा सकाळच्या वर्गाला आली नाही.

मुख्याध्यापिकांपुढे आता निवड होती: प्रकरण सरांपुरतं मिटवायचं की नियम करायचा. त्यांनी नियम केला. ग्रुपवर फक्त सूचना, कुठल्याही मुलाचं नाव नाही. सर नाराज झाले. त्यांचा प्रश्न रास्त होता: ‘चार वर्ग शिकवतो मी. प्रत्येक पालकाला वेगळं कधी लिहू?’ या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय नियम टिकला नसता. ठरलं असं की विषयशिक्षकांनी आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्गातल्या दोन-तीनच मुलांबद्दल एकेक ओळ वर्गशिक्षकाकडे द्यायची आणि घरी एकाच माणसाकडून एकच निरोप जायचा. आईला मुख्याध्यापिकांनी स्वतः फोन करून ‘आमचं चुकलं’ असं स्पष्ट सांगितलं. दोन दिवसांनी रेवा सकाळच्या वर्गाला परत आली.

निष्पत्ती

दुसऱ्या सत्राच्या परीक्षेत रेवाला गणितात १०० पैकी ५४ मिळाले. अपूर्णांकांवरची बहुतेक उदाहरणं बरोबर होती, भूमितीत मात्र ती जिथे होती तिथेच राहिली. विज्ञानात आकडेमोडीच्या जागा आता भरलेल्या होत्या, सगळ्या बरोबर नसल्या तरी. गृहपाठ नियमित झाला. यातलं किती सकाळच्या वर्गामुळे, किती निरोपांमुळे आणि किती घरातलं भांडण थांबल्यामुळे, हे एका मुलीवरून वेगळं काढता येणार नाही.

डायरीतल्या आईच्या ओळी मला गुणांपेक्षा महत्त्वाच्या वाटल्या. सुरुवातीला ‘बेरीज समजावली’ एवढंच असे. नंतर एकदा तिने लिहिलं, ‘छेद समान का करायचा ते आज मलाच पहिल्यांदा कळलं.’ आणखी पुढे प्रश्न येऊ लागले: ‘समीकरणात दोन्ही बाजूंना गुणायचं ती का घाबरते?’ घरातून शाळेकडे माहिती यायला लागली होती, आणि त्या प्रश्नावरून बाईंनी पुढच्या सकाळचा पाठ ठरवला.

वर्ष संपत आलं तसा निरोप पंधरवड्यावर आणला. मग तो रेवाच लिहू लागली, बाई वाचून पाठवत. शेवटी शेवटी रेवाचा स्वतःबद्दलचा अंदाज बाईंच्या अंदाजापेक्षा फारसा वेगळा नसे.

वेगळं काय करता आलं असतं

सहावीतल्या आजारपणानंतर ‘या काळात वर्गात काय शिकवलं गेलं आणि यातलं हिला काय येतं’ हे कुणी तपासलं असतं, तर सातवीचं पहिलं सत्र वाचलं असतं. हजेरीपटावर गैरहजेरी होती, राहून गेलेल्या धड्याची नोंद कुठेच नव्हती. इयत्ता बदलताना शिक्षकाने पुढच्या शिक्षकाला गुणांबरोबर ही नोंदही द्यावी, अशी मागणी मी शाळेकडे केली आणि ती मान्य झाली.

सोयीची वेळ आणि संपर्काचा मार्ग वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येक पालकाला विचारायला हवा होता. हूव्हर-डेम्प्सी आणि सँडलर यांनी १९९० च्या दशकात मांडणी केली होती की पालक सहभागी होतो तो हे आपलं काम आहे असं त्याला वाटलं तर, आपल्याला ते जमेल असा भरवसा असला तर, आणि शाळेकडून व मुलाकडून खरंखुरं बोलावणं आलं तर. दुपारची सभा हे रेवाच्या आईसाठी बोलावणं नव्हतंच.

सकाळच्या त्या फोनवर आईशी बोलताना पद्धतीपासून सुरुवात करण्याऐवजी तिने काय काय केलं ते आधी विचारून ऐकून घेतलं असतं, तर तो दुखावणारा क्षण टळला असता असं मला वाटतं. वर्गशिक्षिकांचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, कधी ना कधी ते सांगावं लागलंच असतं, आणि वहीचा फोटो समोर आल्यावरच आईला ते पटलं.

रेवाला निरोपांच्या आखणीत आम्ही उशिरा घेतलं. ती स्वतः लिहू लागल्यावर निरोप जास्त नेमके झाले. म्हणजे हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच करून पाहता आलं असतं.

आणि ती पाच मुलं. सकाळच्या वर्गाला ती बसली, पण त्यांच्या घरी शुक्रवारचा निरोप गेला नाही, कारण बाईंच्या हाती तेवढा वेळ नव्हता आणि शाळेने तो काढून दिला नाही. त्यातल्या तिघांचं बरं चाललं आहे. उरलेल्या दोघांच्या घरी अजून कुणीच बोललेलं नाही. आठवीच्या वर्गशिक्षकांकडे त्यांची नावं आणि कुठे अडतं त्याची नोंद दिली आहे, आणि त्यांच्या वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका निरोपांसाठी मोकळी ठेवावी असा अर्ज मुख्याध्यापिकांकडे आहे.